साखरेच्या डब्याला मी लावलेलं कुलूप

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. गेली सहा वर्षं हजारो बायका ज्या ब्लॉगवाल्या सुनेला 'ताई' म्हणतात, जिच्या सासूला शिव्या घालतात आणि साडी पाठवायला जिचा पत्ता मागतात, ती ताई मी आहे. वय बावन्न. डोक्यावर केस मोजके, ओठावर मिशी भरपूर. बारामतीतल्या एका शाळेच्या कचेरीत वरिष्ठ लिपिक.

मी कमी बोलणारा माणूस. 'हो', 'नाही' आणि 'सही इथं' एवढ्यावर माझा दिवस निघतो. बायकोला वाटतं, डबा खाल्ल्यावर मी रेकॉर्ड रूममध्ये जुन्या फायली लावत बसतो. मी तिथं बसून शेंगोळी, हुलग्याचं माडगं आणि सासूचा छळ लिहीत असायचो.

आमचं मूळ घर अंथुर्ण्याचं. तिथं आई, दादा आणि वहिनी राहतात. दादा काकडी, दोडका, टोमॅटो करतो आणि जेवताना बाजारभाव सोडून काही बोलत नाही. आई आणि वहिनी मात्र दिवसभर बोलतात, फक्त एकमेकींशी नाही. 'चहा घ्या', 'पाणी सुटलं' एवढं थेट. ज्या बोलण्याला टोक आहे, ते सगळं शेळीला सांगायचं. आमच्या आळीत ही जुनी सोय आहे. कुणाची सून मांजराशी बोलते, कुणाची चुलीशी. सासूला उलट बोलली असं कुणी म्हणू नये आणि बोलायचं तर राहू नये.

वहिनी वैरण टाकताना म्हणायची, "खा गं बाई, खा. तुला तरी कुणी इचारत न्हाय, येवढं शेंगदाणं कुठं गेलं म्हणून."

ओट्यावरून आई शेळीलाच उत्तर द्यायची, "तिला म्हणावं, शेंगदाणं न्हाय इचारलं. डबा कुठं ठिवला ते इचारलं."

"सांग थोरल्या मालकिणीला, डबा हितंच हाय, नाकाम्होरं."

"नाकाम्होरं हाय तर मला कसा दिसंना? तुला दिसतोय का गं शेळे?"

शेळी दोघींकडं आळीपाळीनं बघत रवंथ करायची. वहिनीच्या लग्नाला आता बावीस वर्षं झाली, तेवढ्या काळात या पदावर तीन शेळ्या येऊन गेल्या. प्रत्येक शेळी निमगाव केतकीच्या बाजारातून आणलेली. दादा दात आणि कास बघायचा. आई म्हणायची, "शांत हाय का बघ. लई कान हलवणारी नगं."

त्या घरात वहिनी ज्याच्याशी शेळीवाचून बोलायची असा माणूस एकच, तो मी. दादाला सांगण्यात अर्थ नव्हता, तो ऐकता ऐकता झोपायचा. मी रविवारी इंदापूरच्या एसटीनं जायचो, चुलीजवळ पाट घेऊन बसायचो आणि गप्प असायचो. गप्प माणसापुढं लोक मोकळे होतात. वहिनी भाकरी थापता थापता सगळं सांगायची, "तुमीच सांगा भावजी," असं म्हणायची, आणि मी काहीच सांगायचो नाही याचं तिला कधी वाईट वाटलं नाही.

ब्लॉगची सुरुवात या सगळ्याशी संबंध नसलेली. कचेरीत संगणक आला, मोबाईलवर कुणीतरी घरबसल्या लिहून कमावतो असं वाचलं, आणि मी 'शासन निर्णय सोप्या मराठीत' नावाचा ब्लॉग काढला. पहिल्या महिन्यात तो सात वेळा उघडला गेला. त्यातले पाच वेळा मी.

मग एका रविवारी वहिनी हुलग्याच्या पिठाची शेंगोळी वळत होती. तळहातावर पीठ घोळवत म्हणाली, "भावजी, शेंगोळी वळायची तर मनात थोडा राग पायजे. खुशीत वळली की ढिली व्हत्यात आन रश्श्यात सुटत्यात."

सोमवारी डबा खाल्ल्यावर मी ते तसंच लिहून काढलं, शेळीसकट, खाली शेंगोळ्यांची कृती देऊन. ब्लॉगचं नाव बदलून 'शेळीला सांगते' केलं. 'वहिनी म्हणाली' असं लिहायला हवं होतं. दोनच शब्द होते. ते घातले की लेख जरा लांबचा, ऐकीव वाटत होता. ते काढले आणि सगळं 'मी' केलं की एकदम चुलीपुढं बसल्यासारखं वाटायचं. मी ते काढले.

बुधवारी वाचकांचा आकडा बघून मला वाटलं, यंत्र बिघडलं. मी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. आकडा आणखी वाढला होता. 'ताई, डोळ्यांत पाणी आलं,' असं नाशिककडच्या एकीनं लिहिलं होतं. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी ताई म्हटलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

पुढं मी धंदा शिकलो. कृती लेखाच्या अगदी तळाला द्यायची, म्हणजे बाई खाली जाईपर्यंत चार जाहिराती ओलांडते. सणाच्या आठ दिवस आधी सणाचं लिहायचं, सणादिवशी बायकांना वाचायला वेळ नसतो. जाहिरातवाल्या परदेशी कंपनीनं पत्त्याची खात्री करायला शाळेच्या पत्त्यावर एक पाकीट धाडलं, आत सहा आकड्यांचा नंबर. मुख्याध्यापकांनी ते उलटंसुलटं करून विचारलं, "हे काय हो?" मी म्हणालो, "विम्याचं, सर." माझ्या तोंडून कचेरीत निघालेलं हे पहिलं खोटं. फार सहज निघालं.

पण खरी मेख सासूची होती. एकदा मी एक खरी गोष्ट लिहिली. वहिनीला दुसऱ्या वेळी दिवस गेले होते तेव्हा आई भाकरीच्या घडीत गुळाचा खडा दडवून तिला द्यायची, घरात पाहुणेरावळे होते, कुणाला दिसू नये म्हणून. मला ती गोष्ट फार आवडते. त्या आठवड्यात आकडा झपकन खाली आला. एका बाईनं काळजीनं विचारलं, "ताई, सासूबाई आजारी आहेत का?"

पुढच्या आठवड्यात मी साखरेच्या डब्याला कुलूप लावलं.

आमच्या घरात असं कुलूप कधीच नव्हतं. ते मी लेखात लावलं, किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून सासूच्या गळ्यात घातली आणि 'सकाळच्या चहाला मोजून अडीच चमचे' असं लिहून मोकळा झालो. प्रतिक्रिया अशा पडल्या की वाचताना माझा जेवणाचा डबा तसाच राहिला. बायकांनी सासूला काय काय म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही. बँकेत पैसे आले. त्यानंतर दर महिन्याला मी आईला थोडी थोडी वाईट करत गेलो, जसं मीठ चाखत घालतात तसं.

त्या पैशांतून आमच्या बारामतीच्या घराला प्लास्टर झालं. दर दिवाळीला मी वहिनीला भारी साडी न्यायला लागलो. ती घडी उलगडून काठ बघायची आणि म्हणायची, "भावजी, कशाला येवढा खर्च?" तेव्हा मी शेळीकडं बघायचो.

एकदा एका मसालेवाल्यांनी ताईंना पुण्यात सत्काराला बोलावलं. स्टेज, शाल, नारळ. मी कळवलं, 'सासूबाई पाठवत नाहीत.' हे नकारपत्र त्यांनी कौतुकानं लोकांना दाखवलं आणि तो महिना आजवरचा सगळ्यात कमाईचा ठरला. शाल घरपोच पाठवतो म्हणाले. पत्ता देता आला नाही.

आता मूर्खपणाकडं येतो. ब्लॉगच्या पैशांतून मी आईला मोबाईल घेतला. आई शाळेत गेलेली नाही, म्हणून त्यात मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायची सोयही मीच लावून दिली. एक यांत्रिक बाई वाचते, 'हुलगा' हा शब्द निवडणुकीचा निकाल जाहीर केल्यासारखा म्हणते. आईला ती बाई आवडली. गावातल्या बचत गटाच्या बायका एकमेकींना काय काय पाठवत असतात, त्यात 'शेळीला सांगते' असणार हे जगातल्या कुठल्याही माणसाला सुचलं असतं. मला सुचलं नाही.

एका रविवारी मी एसटीतून उतरून दारात आलो तर ओट्यावर आई मोबाईल कानाशी धरून बसलेली, आणि ती यांत्रिक बाई माझी वाक्यं म्हणत होती.

"कैदाशीण!" आई मोबाईलला म्हणाली. "साखरंला कुलूप लावतीया भवानी. पोरीनं चा कशाचा करायचा?" मग मला बघून, "लेका, ऐकतूस का? ही पोरगी आपल्याच बाजूची दिसती. तिला बी शेळी हाय. आन सासू बघ कसली, हाडळ!"

"असंल," मी म्हणालो.

"असंल काय? रोज ऐकतीया मी. त्या पोरीसाठी मोरगावच्या गणपतीला नारळ बोललीया."

आईनं माझ्याकडं बघून हे सांगितलं आणि मला हसावं की तिच्या पायाशी बसावं हे कळेना. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, एकसारखा. मोबाईलमधली बाई पुढं गेली. शेंगदाण्याचा डबा आला. 'नाकासमोर आहे' आलं. आईनं ऐकता ऐकता मोबाईल कानापासून खाली घेतला. तिनं बोटानं त्या बाईला गप्प केलं.

मग ती माझ्याशी नाही, शेळीशी बोलली. "शेळे, तुझ्या मालकिणीला इचार गं. मी बी अशीच हाय व्हय?"

भाकरीचा आवाज बंद पडला. वहिनी पिठाच्या हातांनी उंबऱ्यात आली. शेळीकडं बघत म्हणाली, "सांग थोरल्या मालकिणीला, आमच्यात साखरंच्या डब्याला कंदी कुलूप न्हवतं. आन भाकरीच्या घडीत गूळ कुणी दडवून दिला त्ये बी सांग. लिवणाऱ्याला वाचणाऱ्या बाया पायजे आसतील, म्हणून त्यानं कुलूप लावलं."

लिवणाऱ्याला, म्हणाली. लिवणारीला नाही.

"राग असला की शेंगोळी घट्ट व्हत्यात, ह्ये मी एकाच माणसाला बोलली हुती," ती शेळीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "काही माणसं रविवारची जेवाय येत्यात, ताट पुसून खात्यात आन आपलं बोलणं पिशवीत भरून नेत्यात. त्यास्नी म्हणावं, भाकरी वाढलीया. गार व्हईल."

"कुणाला म्हणतीया गं ही?" आईनं शेळीला विचारलं. शेळीनं कान हलवला. तिघींत पहिलीच कान हलवणारी.

मी आत जाऊन जेवलो. पिठलं होतं, लसणाची फोडणी नेहमीसारखीच. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या आणि माझ्या मधे शेळी आली होती, आणि शेळी मधे आली की आमच्या घरात ती सहज निघत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. दोघींचं भांडण मिटवायला मी कधी गेलो नाही, मजा बघत बसलो, त्याची मजुरीही घेतली. आता कुठं कळलं, थेट बोलणं ही त्या घरातली किती महाग वस्तू होती आणि ती मला फुकट मिळत होती.

दुसऱ्या दिवशी मी लेख लिहिला. कुलूप खोटं होतं असं लिहिलं, गुळाचा खडा पुन्हा सांगितला, सासू भली बाई आहे असं स्वच्छ म्हटलं. तळाला कृती दिली नाही. लेख पडून राहिला. दोघीतिघींनी, 'ताई, दबाव आहे का?' विचारलं. एकीनं लिहिलं, "हे तुमच्या नावानं दुसरंच कुणी लिहितंय का?" सहा वर्षांत बरोबर प्रश्न विचारणारी ती पहिलीच.

त्यानंतर मी ब्लॉगवर काही लिहिलेलं नाही. जाहिरातवाली कंपनी अजून थोडे थोडे पैसे पाठवते. जुने लेख कुठंतरी वाचले जात असतात. ते पैसे मी बँकेत वहिनीच्या नावावर टाकायला लागलोय, पण ते सोपं आहे, त्याला तोंड लागत नाही.

गेल्या रविवारी ठरवून गेलो होतो. चारापाणी झालं, वहिनी अंगणात झाडत होती, आई ओट्यावर. मी दोनदा घसा खाकरला. आणि बावन्न वर्षांचा मी, जाऊन उभा राहिलो शेळीपुढं. म्हणालो, "सांग गं वहिनीला. चुकलं म्हणावं."

वहिनीनं खराटा थांबवला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, ज्याला बोलायचंय त्येनं तोंडानं बोलावं. निरोप पोचवायला तू काय पोस्टात हायस व्हय?" आणि हसली. शेळीकडं बघून हसली, पण हसली. आई म्हणाली, "काय चुकलं रं?" मी म्हणालो, "काही नाही." आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघालो. एसटीला अजून तासभर होता.

म्हणून इथं लिहून ठेवतो. वहिनीचं मी देणं लागतो ते दोन शब्द, 'वहिनी म्हणाली', प्रत्येक लेखाच्या सुरुवातीला, तिच्यासमोर उभं राहून तिला सांगून घातलेले. आणि आईला एक वाक्य: साखरेच्या डब्याला कुलूप नव्हतं आई, ते मी लावलं. दोन्ही अजून द्यायची आहेत.