सतरा मिनिटं

आखातातल्या हिद्दच्या गोदीत एकतीस वर्षं फिटर म्हणून राबलेले यादवराव निवृत्तीनंतर तिथंच जवळ, सनदला लेकीकडे राहत. नटाचा अर्धा आटा कमी फिरवलेला त्यांना खपत नसे. म्हणूनच पलीकडच्या अमवाज वस्तीतल्या इरावतीनं आपल्या तयारीचं घड्याळ त्यांच्या हाती दिलं होतं.

ती बँकेत नोकरीला, आणि सुट्टीत पाण्याखाली. आता नॉर्वेतल्या तलावात, चार अंशांच्या पाण्यात, सत्तर मीटर उतरायचं होतं. इथला समुद्र कोमट. म्हणून मासळीबाजारातला बर्फ आणून टब भरायचा, हातमोज्यांसकट हात वीस मिनिटं बुडवायचे, मग न बघता पाठीवरच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. वर येताना टप्प्याटप्प्यानं बराच वेळ थांबावं लागतं. तिथं बोटं वळली नाहीत तर माणूस वर येत नाही.

शुक्रवारी तिचे ओठ निळे पडले. यादवरावांना बघवेना.

"खलास," ते म्हणाले.

तिनं हात काढले, व्हॉल्व्ह फिरवला. "वीस झाली, काका?"

"झाली."

सतरा झाली होती. वहीत त्यांनी वीस लिहिलं.

रविवारी जेवताना तिचा फोन आला. "डायव्हिंगच्या सरांना हो कळवलं. बुधवारी विमान."

यादवरावांचा घास तोंडातच राहिला. आयुष्यभर ज्या चुकीसाठी दुसऱ्यांना फाडून खाल्लं, ती त्यांनी दयेच्या नावाखाली केली होती.

"सतराच होती, बाई."



"परवा एक नट सैल राहिला, तर माझ्या सात पिढ्यांची आठवण काढलीत तुम्ही."

"हो."

"बर्फ आणा."

संध्याकाळी टब भरला. यादवरावांनी घड्याळावरून नजर हलवली नाही. वीस भरली. इरावतीचा हात मागे गेला, व्हॉल्व्हवर पोचला. बोटं वळली नाहीत. दुसऱ्यांदाही नाही. त्यांनी मदतीला हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला.

तिसऱ्यांदा चुकल्यावर तिनं फोन त्यांच्यापुढे सरकवला. "मला टाइप करता येत नाहीये. सरांना लिहा. नॉट रेडी. एन, ओ, टी..."

जाड बोटानं एकेक अक्षर शोधत त्यांनी ते लिहिलं. ती काखेत हात खुपसून भिंतीकडे बघत होती.

मग यादवरावांनी वही उघडली, वीस खोडलं, सतरा लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली.