आवळलेलं एकच चाक

गाडीला नवे टायर बसवले की पन्नासेक किलोमीटर चालवून मी पुन्हा दुकानात जातो आणि नट आवळून घेतो. बायको हसते. तिला हसू दे, मी वेल्ह्याच्या ठाण्यात फौजदार असतानाचं ते प्रकरण मला अजून आठवतं.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी उतारावर एका पिकअपचं पुढचं डावं चाक निखळलं. गाडी भातखाचरात गेली, मालकाचा हात मोडला. त्याने जबाबात सख्ख्या धाकट्या भावाचं नाव घेतलं. बांधावरून दोघांचं सहा वर्षं बोलणं बंद. त्यात पोलीस पाटलांनी खबर दिली, "सायेब, सकाळी धाकटा पाना घिऊन चाकापाशी बसल्याला लोकांनी बघितलाय." आता खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावून अटक करायची, एवढंच बाकी होतं.

धाकट्याला समोर बसवलं.

"पाना घेऊन बसला होतास?"

"व्हय."

"कशाला?"

खोटं बोलणारे मी ढिगाने पाहिले होते. हा अर्धं कबूल करून गप्प होता, त्याचं मला नवल वाटलं.

"कुठल्या चाकापाशी?"

"मागच्या. डाव्या."

निखळलं होतं पुढचं!

मी मेकॅनिक घेऊन गाडीपाशी गेलो आणि उरलेली तिन्ही चाकं तपासायला लावली. उजवीकडच्या दोन्ही चाकांचे नट नुसत्या हाताने फिरत होते. मागच्या डाव्याचे मात्र पान्याशिवाय हलेनात. मेकॅनिकने एका नटाखालचा रंगाचा पापुद्रा नखाने काढून दाखवला. मालकाने दसऱ्याला चाकांना जाड ऑइलपेंट फासला होता आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर नवे टायर चढवले होते.

"गाडी पळली की नटाखालचा रंग दबतो, सायेब, आन् नट सैल व्हतो. म्हून परत आवळायचा असतो."

टायरवाल्यानेही मालकाला हेच बजावलं होतं. मालक फिरकलाच नाही.

ठाण्यात येऊन मी धाकट्याला विचारलं, "तू आवळत होतास ना?"

त्याचे डोळे भरले. "नट सैल दिसला म्हून आवळत हुतो. येक चाक झालं आन् वैनी भायेर आल्या. म्या उठून ग्येलो."

"अरे, मग भावाला सांगायचंस!"

"आमी बोलत न्हाई, सायेब. आन् हितं सांगितलं असतं तर त्याला वाटलं असतं, म्या नमलो."

मला स्वतःची लाज वाटली. लोकांनी पाहिलेलं खरं होतं, पानाही खरा होता. तो पाना कुठल्या बाजूला फिरत होता, हे विचारायच्या आधीच मी कलम ठरवून बसलो होतो. पुढे नोकरीभर तो प्रश्न मी आधी विचारला.

सगळं कळल्यावर थोरला मोडका हात गळ्यात बांधून आरोप मागे घेणारा पुरवणी जबाब द्यायला आला. सही झाली. धाकटा बाहेर बाकावर बसला होता. थोरला त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

मग म्हणाला, "उजवीकडची दोन ऱ्हायलीत. पाना घे, चल."