तपकिरी रंग मोजणारे सर

चष्मा कपाळावर सारून सर संगणकाच्या पडद्यावर बोटाने टिचकी मारत आणि म्हणत, "डोळ्याचं सांगू नको पोरी. आकडा काय सांगून राहिला?"

स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नसलेला माणूस तुम्ही पाहिला आहे का? गोंदियात अशाच एका माणसाच्या हाताखाली मी बरीच वर्षं काढली. मेलेल्या माणसांच्या मेंदूचे पातळ काप काचेवर घ्यायचे आणि त्यांना रंग द्यायचा, हे माझं काम. विसरण्याच्या, भ्रमाच्या आजारात मेंदूत जे खराब प्रथिन साचतं, ते या रंगाने तपकिरी दिसतं. काचेचा फोटो संगणकात गेला की तपकिरी जागा किती, ते सर मोजून घेत. रंग जरा गडद झाला की काच माझ्यादेखत कचऱ्यात जायची. "फोडणी देऊन राहिली का?" हे सगळ्यांसमोर. मी मनातल्या मनात शिव्या द्यायची आणि दुसरी काच घ्यायची.

एकदा केशोरी गावची एक बाई आली. तिचा नवरा नुकताच इथल्या दवाखान्यात वारला होता. शेवटची काही वर्षं तो तिला मारायचा, जेवणात विष कालवतेस म्हणून घराबाहेर काढायचा. दीर नको नको म्हणत असताना मेंदू तपासायला तिनेच होकार दिला.

"त्याले बिमारी होती का, येवढंच सांगजा जी," ती सरांना म्हणाली. "बिमारी होती त मी माफ करीन."

सगळे काप कोरे निघाले. फक्त मेंदूच्या देठाजवळच्या कापाने मोठा आकडा दिला. मी तर खूश झाले. सरांनी चष्मा वर सारला.

"अक्कल आहे का? या जागी तपकिरी रंग तुझ्या-माझ्याही मेंदूत असते. मशीन त्यालेच बिमारी समजून राहिली. लाल रंग देऊन पुन्हा कर."

लाल रंग दिला. यात खराब प्रथिन तेवढं लाल होतं, मेंदूचा मूळचा रंग तपकिरीच राहतो. आकडा जवळजवळ शून्यावर आला.

"सर, पहिलाच राहू द्या ना," मी हात जोडले. "कोणाचं काय जाते?"

"आज तिच्यासाठी बदलू, उद्या कोणासाठी?"

धानाची रोवणी सोडून ती निकाल ऐकायला आली तेव्हा तिच्या नखांत बांधीचा चिखल होता. सरांनी तिला बसही म्हटलं नाही.

"बिमारी नव्हती. मेंदू साफ होता."

"मंग मले कायले मारत होता जी?"

"ते काचेवर दिसत नाही," म्हणाले आणि कामाला लागले. ती बाहेरच्या बाकावर कितीतरी वेळ बसून होती. त्या दिवशी मला सरांचा भयंकर राग आला, आजही येतो.

पुढे सरांचंच डोकं बिघडलं. मी काचा चोरते म्हणून ओरडायचे. एकदा पेपरवेट फेकून मारला. त्यांचं काम सुटल्यावर मी भेटायला घरी गेले, तर काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, मनगटांवर काळेनिळे वळ. "ते थोडेच मारून राहिले, बेटा? बिमारी मारून राहिली," असं म्हणत काकू त्यांना भात भरवत होत्या.

एका बऱ्या दिवशी सरांनी काकूंसमोर मला बजावलं, "मी मेल्यावर माझा मेंदू काढजो. तूच मोजजो. आणि हिले आकडा सांगजो, खरा."

सर गेले त्या सकाळी मी मेंदू ठेवायच्या औषधी पाण्याची बादली घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं. काकू बाहेर आल्या. रडून डोळे सुजले होते, पण आवाज पक्का होता.

"नाही, बेटा. कापायचं नाही."

"काकू, त्यांची इच्छा होती."

"केशोरीच्या बाईचं सांगितलं होतं त्यांनी मला. हसून सांगितलं होतं. बिमारी होती म्हणून मी सोसलं. तुझ्या मशीनने साफ म्हटलं, तर मी काय करू?"

मी बादलीचं झाकण पुन्हा दाबून बसवलं. माणसं तिरडी उचलायला वाकली, तेव्हा काकूंनी हात जोडले आणि लगेच पदर ओढून मनगटं झाकून घेतली.