पाच ओट्या आणि मिरोस्लावाबाई

हसायचं असेल तर आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होते तेव्हा एका मैत्रिणीने सगळा चहा माझ्या सोफ्यावर सांडला, आणि तो डाग अजून गेलेला नाही. ठेवलात? हं, तर ऐका माझा गाढवपणा!

आमची ईशा इथून, म्हणजे जर्मनीतल्या हॅनोव्हरहून, कायझर्सलाउटर्नला शिकायला गेली आणि येताना डिग्रीबरोबर एक तोमाश घेऊन आली. मुलगा चेक. उंच, गुणी, आणि आमटी दोनदा मागून घेणारा. मी तर पहिल्या वाटीलाच पाघळले! पण त्याच्या आईचं तसं नव्हतं. एकुलता एक मुलगा, नवरा केव्हाच सोडून गेलेला, आणि सून येणार ती थेट भारतीय घरातली. लग्नाचं ऐकून म्हणे त्या म्हणाल्या, "आधी त्या लोकांना भेटते. मग बघू."

मग बघू! मुलाची आई 'मग बघू' म्हणाली की मुलीच्या आईने सरळ मानपानाची यादी काढायला बसावं.

त्यात माझा पूर्वानुभव. माझ्या लग्नात आईकडून एका मावससासूबाईंचा आहेर द्यायचा राहिला. एकच हो! त्या अकरा वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत. बाराव्या वर्षी बोलल्या, तेही 'माझा आहेर राहिला' एवढंच. तेव्हाच मी शपथ घेतली होती की माझ्या मुलीच्या लग्नात मानपानातून एक बाई सुटणार नाही.

"विहीणबाईंचं नाव काय गं?" मी ईशाला फोनवर विचारलं.

"मिरोस्लावा."

काय भारदस्त नाव! ऑफिसला जाताना ट्राममध्ये मी लगेच फोनवर शोधलं. अस्सल स्लाव्ह नाव. 'मीर' म्हणजे शांती, जुन्या भाषेत जगसुद्धा, आणि 'स्लावा' म्हणजे कीर्ती. चेकमध्ये आहे, पोलंडमध्ये आहे, युक्रेन-सर्बियातही आहे. पुरुष असेल तर मिरोस्लाव. आणि पुढे काय लिहिलेलं असावं? हे 'स्लावा' आणि आपल्या संस्कृतातलं 'श्रवस्' एकाच मुळातून आलेले! श्रवस् म्हणजे कीर्तीच की! मी भर ट्राममध्ये ओरडले, "अगं बाई, ह्या तर आपल्यातल्याच निघाल्या!" समोरच्या जर्मन आजोबांनी आपला कुत्रा पायाजवळ ओढून घेतला.

तेवढ्यात माझा स्टॉप आला. त्या पानावर खाली अजून बरंच काही लिहिलेलं होतं, पण मी फोन पर्समध्ये टाकला आणि उतरले. खालचं वाचलं असतं तर आज तुम्हाला नुसताच चहा मिळाला असता!

पुढच्या रविवारी तोमाशच्या आजोबांचा वाढदिवस होता. ईशा तिकडेच गेलेली. जेवणाच्या वेळी तिने आम्हाला व्हिडिओ कॉल लावला. काय ते भरलेलं टेबल! आजोबा, आजी, मामा, शेजारीपाजारी, आणि नुसता कालवा. ईशा फोन गरगर फिरवत होती. एवढ्यात मामांनी कुणा मिर्काला हाक मारली आणि सूप आलं. म्हणजे दारातून एक हात आला आणि सूप ठेवून गेला.

"ईशा, ही मिर्का कोण?"

"काय? ऐकू येत नाहीये! मिर्का? किचनमध्ये आहे!"

मग आजोबांनी स्लाव्का म्हणून हाक मारली. ब्रेड आला.

"आणि ही स्लाव्का?"

"किचनमध्ये!"

आजींनी मिरूश्काला बोलावलं, आजोबांची औषधं आली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी स्लाविन्काला साद घातली, केक आला.

"आणि मिरूश्का? स्लाविन्का?"

"इन डेअर क्यूखं, आई! किचनमध्ये! किती वेळा विचारशील?"

आणि कॉल कट झाला. मी तर हरखून गेले. अहो, काय गोकुळासारखं घर! एक वाढतेय, एक कापतेय, एक औषधं सांभाळतेय. मी बोटांवर मोजलं. मिर्का, स्लाव्का, मिरूश्का, स्लाविन्का, आणि पाचव्या आमच्या विहीणबाई मिरोस्लावा. पाच! ओटी भरायला याहून शुभ आकडा कोणता?

भेटीचा दिवस ठरला. मी पक्कं करून घेतलं, "ईशा, सगळे येताय ना?"

"हो, आई, सगळे. आणि प्लीज, साधं जेवण कर हां. त्या खूप लाजतात. गर्दी, ड्रामा काही नको."

त्या लाजतात म्हणजे पाचही जणी लाजतात, असं मी धरलं.

आमचे हे मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांनी त्यांच्या पद्धतीने विचार केला. "अगं, पाच त्या आणि ही दोघं. सात जण एका गाडीत कसे मावतील?"

"मग दोन गाड्या येतील!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणाले, आणि खालच्या श्रीमती, म्हणजे फ्राऊ ब्रांटकडून तिची पार्किंगची जागा दिवसभरासाठी मागून आले. म्हणजे बघा, या गाढवपणात मी एकटी नव्हते.

पुण्याहून बहिणीने पैठणीच्या काठाचे पाच स्टोल पाठवले, एका ओळखीच्यांच्या बॅगेतून. ती बॅग आणायला मी फ्रँकफर्टपर्यंत जाऊन आले. पाच खण, पाच नारळ. प्रत्येक ओटीला एकेका नावाची चिठ्ठी टाचली, देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत, म्हणजे अदलाबदल होऊन कुणी रुसायला नको! तीस पुरणपोळ्या केल्या. फ्राऊ ब्रांटकडून खुर्च्याही आणल्या.

बेल वाजली. मी औक्षणाचं ताट घेऊन दारात. समोर तोमाश, ईशा आणि मध्ये एक लहानशी बाई. करडा स्वेटर, हातात खसखशीच्या केकचा डबा. तो डबा त्यांनी असा घट्ट धरलेला की तोंडी परीक्षेला आल्या आहेत असं वाटावं. मी हसून ओवाळलं, आत घेतलं आणि दार उघडंच ठेवून उभी राहिले.

एक मिनिट गेलं. दोन गेली. निरांजन विझलं.

"आई, दार लाव ना," ईशा म्हणाली.

"अगं, बाकीच्या येताहेत ना! गाडी लावत असतील. यांनी जागा धरून ठेवलीय." मी जिन्यातून खाली वाकून पाहिलं. हे तर चपला घालून रस्त्यापर्यंत जाऊन आले. "एकच गाडी आहे," त्यांनी खालून सांगितलं.

आत येऊन पाहते तर विहीणबाई पाच ओट्यांसमोर उभ्या. एक खुर्ची न पुसलेली नाही, एक पान न मांडलेलं नाही, आणि बाई एकच. पहिल्याच भेटीत चौघी आल्या नाहीत म्हणजे आपलं काही चुकलं का? रुसल्या का? मी जर्मनमध्ये धीर करून विचारलं, "मिर्का कुठे आहेत?"

त्यांनी हळूच हात वर केला. "या," म्हणजे हो. "मिर्का."

मला वाटलं, त्यांना माझं जर्मन कळलं नाही. "नाही, नाही. स्लाव्का?"

"या," पुन्हा हात वर.

"मिरूश्का?"

"या."

"स्लाविन्का?"

"या…" आता आवाज अगदी बारीक. शाळेतल्या बाई हजेरी घेताहेत आणि वर्गात एकच पोर बसलंय!

ईशाने कपाळाला हात लावला. "आई! ती सगळी एकाच माणसाची नावं आहेत! मिरोस्लावाची लाडाची नावं! तिकडे प्रत्येक जण वेगळ्या नावाने हाक मारतो!"

"अगं," हे शांतपणे म्हणाले, "एकच बाई आहे."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. तीस पुरणपोळ्या! पाच नारळ! आणि त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी! संपलं, मला वाटलं. ही बाई आता 'मग बघू'सुद्धा म्हणणार नाही. माझ्या हौसेपायी पोरीचं लग्न मोडलं. मी चिठ्ठ्या काढून टाकायला पुढे झाले तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू द्या," त्या अडखळत्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "घरी मिर्का म्हणतात, म्हणजे सूप आण. स्लाव्का म्हणजे ब्रेड. मिरूश्का म्हणजे बाबांची गोळी. दिवसभर पाचही नावांनी हाका येतात, सगळ्या काहीतरी आणायला. या नावांना कुणी काही दिलंय, असं आज पहिल्यांदा झालं."

आता मीही रडायला लागले. तोमाश खाली मान घालून उभा. मग मी काय केलं? त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पाचही ओट्या भरल्या! पाच वेळा कुंकू, पाच वेळा तांदूळ. तिसऱ्या ओटीला त्यांना हसू फुटलं, पाचवीपर्यंत आम्ही दोघी हसून वाकड्या झालो होतो. जेवताना दोनदा त्या ताटं उचलायला उठल्या, दोनदा मी त्यांना दंडाला धरून खाली बसवलं. पुरणपोळ्या चार खाल्ल्या. शेवटी ईशाचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "लग्न कधी करायचं?"

सुटले!

इथे थांबायला हवं होतं. पण निघताना त्यांनी डायरी काढली. "आणि तुम्हाला? तुम्हाला काय काय म्हणतात?"

मी म्हणणार होते, सुनंदा, बस. पण आमच्या ह्यांना कधी नव्हे तो उत्साह आला! "पासपोर्टवर सुनंदा, हे लग्नात ठेवलेलं नाव. माहेरची नलू. माझे भाऊ म्हणतात वहिनी, मराठी मंडळात काकू, आणि मी म्हणतो अगं." विहीणबाईंनी एकेक नाव नीट विचारून लिहून घेतलं. मला काही संशय आला नाही. मला कधी येतो?

तीन आठवड्यांनी टपालपेटीत पाच चिठ्ठ्या. विहीणबाईंकडून पार्सलं आली होती, घरी कुणी नव्हतं, कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊन जा. पाच पार्सलं, पाच बायकांच्या नावाची, पुढे आडनाव आमचं.

काउंटरवरच्या बाईने पासपोर्ट पाहिला आणि सुनंदाचं पार्सल तेवढं दिलं. "फ्राऊ नलू, फ्राऊ वहिनी, फ्राऊ काकू आणि फ्राऊ आगा यांची तुम्हाला मिळणार नाहीत. त्यांची सही असलेलं फोलमाख्ट आणा."

समजावून सांगू? जर्मन काउंटरवर? मी घरी आले आणि चार वेगवेगळ्या पेनांनी, चार वेगवेगळ्या अक्षरांत चार अधिकारपत्रं लिहिली: मी अमुक, माझं पार्सल सुनंदाला द्यावं. चार सह्या ठोकल्या आणि परत गेले.

बाईने चारही कागद चष्म्यातून वाचले, शिक्के मारले आणि पार्सलं माझ्यासमोर रचली. मग मला नखशिखान्त न्याहाळून कळवळून म्हणाली, "घरात पाच बायका, आणि ओझी उचलायला तुम्ही एकट्याच?"

मी म्हटलं, "हो ना. बाकीच्या चौघी अगदी ऐतखाऊ आहेत."