दांडा मी मोजला

"तू राहू दे गं. तू रोडग्यांचं बघ. अद्वैत सांगेल."

हे वाक्य माझ्या पीएचडीच्या सरांचं. माझ्याच बापाच्या वावरात, आमच्याच आंब्याखाली, माझ्या आईच्या देखत बोललेलं. तेव्हा माझे दोन्ही हात राखेनं माखलेले होते. समोर सतरंज्यांवर पुण्याच्या आमच्या खगोलसंस्थेतली मंडळी बसली होती आणि त्यांच्या मागे, उन्हात, माझ्या गावची माणसं.

हे मी तुमच्या पुस्तकी मराठीत लिहितेय. मुद्दाम. कळलं नाही म्हणायची सोय तुम्हाला राहू नये म्हणून.

आमचं वावर बीबीला. लोणारचं सरोवर तिथून जवळ. संस्थेची मंडळी सरोवर पाहायला निघाली तेव्हा सर म्हणाले, तुझं गाव तिकडेच ना? मग ते रोडगे का काय म्हणतात, ते खाऊ घाल की. तुझं कामही तिथेच सगळ्यांना सांग. मला केवढा आनंद झाला होता, आता सांगायची लाज वाटते. मी घरी फोन केला. सर येणार. माझं काम सगळ्यांसमोर सांगायला लावणार. बाबांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं. शाळेच्या बाईंनी नववी-दहावीच्या पोरी आणल्या. इतकी वर्षं मी पुण्यात नेमकं काय करते, हे माझ्या माणसांना पहिल्यांदा कळणार होतं. मला दुसरं काही नको होतं.

मी काय करते? आपल्या आकाशगंगेच्या मधोमध ताऱ्यांचा एक लांबट दांडा आहे. तो मोजते. तो कुठे संपतो, हे ठरवते.

आता उठून सांगायचं, एवढ्यात ते वाक्य आलं. तू रोडग्यांचं बघ.

मी बघितलं. खरंच बघितलं. वाकले आणि गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत, भाजत ठेवलेले कणकेचे रोडगे चिमट्यानं उलटे करू लागले. सवय वाईट असते.

ही सवय मला पुण्यात लागली. संस्थेतल्या माझ्या पहिल्या भाषणात मी बोलून गेले, "हे तारे आतल्या आतच फिरून राह्यले." सगळी खोली हसली. सर म्हणाले, "आधी मराठी शीक. आकाश कुठे पळून जात नाही." मग ते आणखी हसले. मीही हसले. ते माझं हसणं मला अजून चावतं. त्या दिवसापासून मी तोंड मिटलं. वाटलं, गप्प राहिलं की काम जास्त होतं. काम झालंच. नाव मात्र तोंड उघडं असणाऱ्यांचं झालं. परिषदेला पाहुणे आले की अद्वैत त्यांना आकाशगंगा दाखवणार आणि मी त्यांच्या गाड्या सांगणार. अद्वैत सरांकडे माझ्यानंतर आला. त्याचे आईवडील दोघे प्राध्यापक. सरांच्या घरी त्याचं जाणंयेणं. माझं आडनाव ऐकून सरांनी विचारलं होतं, "म्हणजे तुमच्याकडे भाजीपाला का?" तेव्हापासून दर सुट्टीनंतर, "कोथिंबीर आणलीस का?" आणि हो, मी आणत होते.

वावरात आईनं धीर करून विचारलं. ती सरांजवळ पाण्याचा तांब्या ठेवत होती.

"सर, माही पोरगी तिथं काय करते? आमाले समजत नाई. पण सांगा."

"आई, तुमची मुलगी फार कष्टाळू आहे हो. कामं पटापट करते."

कष्टाळू. हुशार हा शब्द त्यांनी अद्वैतसाठी राखून ठेवलाय. आमच्या वाट्याला कष्टाळू येतो. बैलालाही तोच लावतात. आईला मात्र ते खरं वाटलं. तिनं पदर नीट केला आणि माझ्याकडे बघून हसली.

तेवढ्यात अद्वैत उठला. काडीनं मातीत एक गोल काढला, मध्ये एक लांब रेघ ओढली. म्हणाला, हा आपल्या आकाशगंगेच्या मधला दांडा. यात ताऱ्यांची गर्दी असते. ती गर्दी जिथे संपते तिथे दांडा संपतो.

मी चिमटा धरून तशीच थांबले.

कारण हीच चूक. हीच चूक आहे हे दाखवण्यात माझी वर्षं गेली. आणि त्याच माझ्या कामाच्या नावाखाली, माझ्या वावरात, हा मुलगा तीच चूक माझ्या गावच्या पोरींना शिकवत होता. त्यानं माझं काम वाचलंही नव्हतं.

मला ही चूक कळली कशी, ते सांगते. लहानपणी मी आईबरोबर बीबीच्या बाजारात मेथी घेऊन बसायची. आमची जागा गल्लीच्या अगदी टोकाला, जिथे बाजार रस्त्याला मिळतो. समोर ही गर्दी. मला वाटायचं, एवढं गिऱ्हाईक! जुड्या सोडून मांडायची. संध्याकाळपर्यंत मेथी सुकायची. कारण ती माणसं गिऱ्हाईक नव्हतीच. एसटीची वाट बघत उभी होती. एसटी आली की रस्त्यानं निघून जायची. बाजाराला आलेला माणूस आमच्यापर्यंत येतच नव्हता, अलीकडूनच परत आत वळायचा. हळूहळू मी उभ्या माणसांकडे बघणं सोडलं आणि वळतंय कोण तेवढं बघायला लागले. बाजार आम्ही बसायचो त्याच्या बराच अलीकडे संपत होता.

पुण्यात दांड्याचा नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हेच आठवलं. आकाशगंगेच्या वळणदार भुजा दांड्याच्या टोकाशी येऊन भिडतात. भुजेतले तारे आणि दांड्यातले तारे तिथे एकत्र दिसतात. नुसती गर्दी मोजली की दांडा आहे त्याहून लांब भासतो. म्हणून मी ताऱ्यांच्या वाटा काढायच्या ठरवल्या. प्रत्येक ताऱ्याची जागा आणि वेग घ्यायचा. दांडा इतका इतका लांब आहे असं मानायचं. त्या दांड्याच्या ओढीत तारा पुढे कसा फिरेल, ते संगणकावर चालवून बघायचं. मी लांब दांडा मानला. तारे त्याच्या टोकापर्यंत जाईनात. आधीच वळून परत येत. मानलेली लांबी कमी करत गेले, आणि एका जागी ताऱ्यांचं वळण आणि दांड्याचं टोक जुळलं. दांडा तिथे संपतो. त्यापुढे नुसती गर्दी.

त्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये धावत गेले होते. सरांनी बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "छान. अद्वैतला पाठव."

वावरात मागून एका पोरीनं हात वर केला. दोन वेण्या, पायात स्लीपर.

"सर, पन गर्दीत दुसरे कोनी असले तर?"

अद्वैत हसला. "ते जरा अवघड गणित आहे. पुढे शिकाल."

मी उठले. कुणी सांगितलं नाही. चिमटा हातातच होता.

"चूक हाय ते," मी म्हणाले. "त्यानं सांगतलं ते चूक हाय. हे मोजमाप माहं हाय. म्या सांगते."

सर म्हणाले, "अगं, रोडगे करपतील."

माझे बाबा विहिरीजवळ उभे होते. घरी पाहुणे आले की दोनच शब्द बोलणारा माणूस. ते पुढे आले, माझ्या हातातला चिमटा घेतला आणि आराजवळ बसले.

"रोडगे मी पाह्यतो," ते म्हणाले. "तू सांग."

मी सांगितलं. अद्वैतच्या रेघेवर पाय फिरवला आणि नवी काढली, आखूड. बाजाराची गल्ली सांगितली, एसटीची माणसं सांगितली. त्या पोरीनं विचारलं, "मंग टोकावर दिसतात ते कोन?"

"ते वाटसरू. त्याईची वाट येगळी हाय. थांबलेले दिसतात, पन वळत नाई."

"हाव!" ती ओरडली. सगळ्या पोरी माना डोलवत होत्या. शाळेच्या बाईही. आई तांब्या हातात धरून उभी होती. पुण्याची मंडळी मोबाईल बघत होती.

सर मला विहिरीपाशी घेऊन गेले. आवाज खाली.

"हा निकाल ग्रुपचा आहे. आणि तुझा प्रबंध माझ्या हातात आहे, हे विसरू नकोस."

"ग्रुपमध्ये मी आहे ना, सर? मग सांगताना का नाही?"

"लोकांसमोर उभं राहायला भाषा लागते."

"आत्ताच सांगितलं. सगळ्यांना कळलं. अद्वैतलाही."

ते लाल झाले. मला भीती नव्हती असं लिहिता आलं असतं. भीती होती. भरपूर होती. पण राग तिच्यावर बसला होता.

पंगत बसली. आमच्याकडे आधी पाहुणे जेवतात, घरच्या बाया शेवटी. आई माझ्याजवळ आली.

"बाई, पाव्हण्याले वाढून घे. मंग भांड काय भांडाचं ते."

मी हात धुतले. राख निघेपर्यंत धुतले. मग सरांच्या बरोबर समोर, मोकळ्या पत्रावळीवर जाऊन बसले. अद्वैत सरकला. आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं. वरण वाढत ओळीनं आली, माझ्याही पत्रावळीवर वाढलं, रोडगा फोडून तूप घातलं. ती माझ्यावर चिडली होती आणि अजून निवळलेली नाही. पाहुण्याचा अपमान तिला सोसवत नाही. माझा झालेला तिला रात्री बाबांनी समजावून सांगितला. तेव्हा ती म्हणाली, "कष्टाळू म्हने."

त्या पंगतीत मी दोन रोडगे खाल्ले. सरांना एकही संपला नाही.

आता पुण्यात परत आलेय. दांड्यावरच्या शोधनिबंधावर पहिलं नाव अद्वैतचं आहे. माझं आभारात. मी सरांना सांगितलं, माझं नाव पहिलं टाका, नाहीतर माझ्या ताऱ्यांच्या वाटा त्यातून काढून घ्या. वाटा काढल्या की उरते नुसती गर्दी, हे त्यांना माहीत आहे. त्यांनी उत्तर दिलेलं नाही. माझ्याशी बोलणं बंद आहे. मैत्रिणी म्हणतात, जुळवून घे, मार्गदर्शक बदलला तर सगळं पहिल्यापासून. माहीत आहे मला. पहिल्यापासून करीन. तारे कुणाच्या सहीनं फिरत नाहीत.

संस्थेच्या वार्षिक परिषदेत दांड्यावरचं भाषण अद्वैतच्या नावावर लागलंय. मला जेवणाच्या समितीत टाकलंय.

मी जेवणाच्या मांडवात नसेन, सर. मी सभागृहात पहिल्या रांगेत असेन. अद्वैत "आम्ही मोजलं" म्हणाला की मी उठणार. माझ्या आईच्या बोलीत विचारणार की तारा वळते कुठी, सांग. हसायचं त्यांनी पोट धरून हसावं. तुम्ही बस म्हणाल. मी बसणार नाही.