वहिनींची चाकावरची खोली

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. एका अरुंद शेडमध्ये तीन म्हातारे रोज एकमेकांच्या पायात यायला लागले, की ते आपोआप साचतात. आमचे जिंतूरला दत्ताभाऊंच्या शेडमध्ये साचले. आज दत्ताभाऊंच्या पत्नी, विमलवहिनी, नाहीत. त्यांचा विषय निघाला की आम्ही आधी हसतो, आणि मग कोणीतरी उगाच चहा आणायला उठतं.

दत्ताभाऊ येलदरीच्या वीजघरातून रिटायर झालेले. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. तिसरे सलीमभाई, आमच्याच गल्लीतले वेल्डर.

वहिनींना कॅन्सर निघाला. केमोसाठी शहरात जावं लागायचं, लॉजवर राहावं लागायचं. एकदा भरदुपारी मॅनेजर दारात येऊन उभा. "काका, खोली सोडा. उलट्यांचा आवाज बाहेर जायलाय, गिऱ्हाईकं तक्रार करायलेत!"

दत्ताभाऊंनी वहिनींना धरून जिना उतरवला. पुढची सगळी दुपार दोघांनी बसस्टँडच्या बाकड्यावर काढली.

घरी आल्याबरोबर दत्ताभाऊंनी मला बोलावून घेतलं. "सर, चित्र काढा. दोन चाकांवर खोली. एखादी जुनी जीप घेऊ, तिला मागं जोडायची. आता कोणाच्या लॉजची पायरी चढायची न्हाई!"

वहिनी ओसरीवरूनच म्हणाल्या, "संडासाचं बी काढा, सर. मेन तेच हाय!"

*

पलंगाचं माप घ्यायचं होतं. वहिनी म्हणाल्या, "टेप कशाला? मी झोपते, तुमी आखा."

शेडमधल्या फरशीवर त्या उताण्या झोपल्या. मी खडूनं त्यांच्याभोवती रेघ ओढत होतो. डोक्याशी दत्ताभाऊ, पायाशी सलीमभाई, दोघंही मान खाली घालून. तेवढ्यात शेजारच्या सावित्राबाई वाटी घेऊन साखर मागायला आल्या. त्यांनी समोरचं बघितलं, वाटी टाकली आणि गळा काढला!

वहिनींनी एक डोळा उघडला. "सावित्राबाई, जरा दमानं. माप चुकायलंय!"

*

शेड म्हणजे घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधला बोळ, वर पत्रे. त्यात सांगाडा उभा राहिल्यावर भिंतीच्या बाजूला सलीमभाईंसारखा काटकुळा माणूसच काय तो आडवा सरकू शकायचा. सलीमभाई तसेच सरकत आत गेले, दार बसवलं, आतून शेवटची बिजागरी जोडली आणि ऐटीत दार ढकललं.

टण्ण!

दार भिंतीला थडकलं. दार भिंतीच्या बाजूला घेतलंय हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं! खिडकी वीतभर. गाडा बाहेर ओढावा तर चाकं लागायची होती, सगळा डोलारा विटांवर.

चाकं लागेपर्यंत सलीमभाई आतच. वहिनींनी खिडकीतून चहा दिला. "बरं झालं, सलीमभाई. आधी तुमीच राहून बघा. सोय कशी हाय सांगा."

संध्याकाळी गाडा बाहेर निघाला, तेव्हा घामानं निथळत ते उतरले आणि आधी वहिनींकडे गेले. "भाभी, दम कोंडतो आत. तुमाला असं कोंडून न्हाई ठेवणार मी."

मग दार मागच्या बाजूला घेतलं, आणि पलंगाशेजारी मोठी खिडकी कापली.

*

रंग मी ठरवला. पांढरा, म्हणजे उन्हात तापणार नाही. ट्रायलला निघालो पोखर्णीच्या नृसिंहाला. चालत्या गाडीत मागं माणूस बसवू नये, हे आम्हालाही कळत होतं. पण जीपमध्ये वहिनींना बसवतच नव्हतं.

वाटेत एक आजोबा आमची गाडी बघून सायकलवरून उतरले. टोपी काढली, हात जोडले, मान खाली घातली. शववाहिका समजले बिचारे! मान वर करतात तर खिडकीतून वहिनी त्यांना हात जोडतायत. आजोबा सायकलसकट बांधावर बसले!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ब्रश-डबे घेऊन गेलो. "वहिनी, बाहेरून काहीतरी काढतो. काय काढू?"

"काहीबी काढा, सर. फक्त झेंडूची फुलं काढू नका!"

मी पोपट काढले.

*

दवाखान्याच्या आवारात पोपटांची गाडी उभी राहिली. एक माणूस खिडकीशी आला. "इडली कशी दिली?"

वहिनींच्या पोटात तेव्हा पाणीसुद्धा टिकत नव्हतं. तरी उशीवरून डोकं उचललं. "इडली संपली. सलाईन हाय, देऊ का?"

*

शेवटच्या खेपेला मीही सोबत होतो. डॉक्टरांनी दत्ताभाऊंना बाजूला घेतलं आणि सांगितलं, आता घरी न्या. आम्ही दोघांनी चेहरे धुतले आणि गाडीशी आलो. वहिनींना म्हणालो, पुढची तारीख नंतर कळवणारेत.

त्या आमच्याकडे बघत राहिल्या. "बरं."

सलीमभाईंनी पलंगाशी एक बटण बसवलं होतं. ते दाबलं की जीपमध्ये घंटी वाजायची आणि दत्ताभाऊ गाडी थांबवायचे. जालना सोडलं आणि घंटी वाजली. पाणी पाहिजे. मग वाजली, उशी सरकली. मंठ्याच्या पुढं परत वाजली. आम्ही दोघं धावत मागं गेलो.

"काय झालं?"

"काही न्हाई. कापूस लय छान फुटलाय. बघा म्हणलं."

आम्ही तिघांनी कापूस बघितला. मग त्या दत्ताभाऊंना म्हणाल्या, "अहो, डॉक्टर काय म्हणले ते मला कळलंय. तुमी तोंड धुऊन आलात तवाच. आता सांगत बसू नका. चला."

त्यानंतर घंटी वाजली नाही.

देवगाव फाट्याला दत्ताभाऊंनी आपणहून गाडी थांबवली. उतरले, मागं गेले, दार उघडून बघितलं, परत येऊन बसले. पुढच्या गावाला पुन्हा तसंच. चारठाण्याला पुन्हा.

जिंतूर दिसायला लागलं तशी त्यांनी परत गाडी कडेला घेतली. उतरले. त्यांचा हात दाराच्या कडीला लागायच्या आधीच आतून आवाज आला,

"हाय मी! चला!"