कोऱ्या नावाची रेकॉर्ड

नत्थूजी पराते जुनी रेकॉर्ड हातात आली की तिच्या मधोमध चिकटवलेला कागद आधी वाचत नसत. काठावरून अंगठा फिरवायचे, खिडकीच्या उजेडात तिरपी धरायचे, मग उलटी करायचे. "ही साधी. घरोघरी होती." "ही पाह्य वं धना, हिची सुई आतून ठेवा लागते, बाहेरकडं वाजत येते." पण मागची बाजू सपाट, एकाच अंगाला गाणं असलेली रेकॉर्ड निघाली, की ते बोलायचे थांबत.

ते नागपूरच्या तांडापेठेतल्या आमच्या घरात खालच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचे. कोष्ट्याचं घराणं. हातमाग बंद पडला तसे सीताबर्डीत एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तीस वर्षं बसले. लग्न केलं नाही. दर रविवारी कबाडीवाल्यांकडे फेरी मारायचे आणि पिशवीत रेकॉर्डी घेऊन यायचे. चारशेच्या वर झाल्या होत्या. मोहल्ल्याला वाटायचं, म्हाताऱ्याला गाण्यांचं वेड आहे. खरं तर ते एकच रेकॉर्ड शोधत होते.

नत्थूजी एक वर्षाचे होते तेव्हा रेकॉर्ड कंपनीची माणसं नागपुरात आली होती. त्यांच्या आईनं, वच्छलाबाईंनी, एक गाणं म्हटलं. नमुन्याची एक प्रत घरी आली, पांढऱ्या कागदाची, एकाच बाजूची. पुढे ती विकायला निघालीच नाही. नत्थूजी तीन वर्षांचे असताना आई गेली. वडिलांनी रेकॉर्ड उमरेडच्या एका पाहुण्याला ऐकायला दिली, ती परत आली नाही. आईचा फोटो नव्हता. आवाज आठवत नव्हता. वडिलांनी सांगितलेली एक खूण तेवढी होती. फार जुन्या रेकॉर्डींत गाणारी बाई शेवटी स्वतःचं नाव सांगायची. आईच्या वेळी ती पद्धत मोडली होती, पण तिनं तशाच जुन्या रेकॉर्डी ऐकलेल्या, तिला वाटलं सांगावंच लागतं. म्हणून तिनंही सांगितलं.

२०२० साली माझ्या मुलीचं, धनश्रीचं कॉलेज बंद होतं. ती त्यांच्या रेकॉर्डींची यादी करायला बसू लागली. नंबर, गाणं, गाणाऱ्याचं नाव, शेरा. नत्थूजींचा नियम एकच होता: कागदावर दिसलं किंवा कानानं ऐकलं तेच लिहायचं. अंदाज लिहायचा नाही.

धनश्रीला लहानपणापासून दमा आहे. त्या वर्षी मी दुधाच्या पिशव्या धूत होते, भाजी धूत होते, नोटाही पुसत होते. दिवाळीच्या आधी एसटी सुरू झाली आणि उमरेडच्या ओळखीच्या भंगारवाल्यानं नत्थूजींसाठी रेकॉर्डींचं एक बोचकं पाठवलं. ते जिन्यात पडलेलं मी पाहिलं. धनश्री हात लावेल म्हणून मी घाईनं सॅनिटायझर घेऊन बसले.

सगळ्यात वरची रेकॉर्ड फार मळकी होती, विशेषतः मधल्या कागदाच्या भोवती. मी तिथेच जोरानं घासलं. कापड काळं होत गेलं. मला वाटलं, मळ निघतोय. बाटली तिथेच संपली, म्हणून बाकीच्या वाचल्या.

संध्याकाळी नत्थूजींनी ती रेकॉर्ड उचलली. उलटी केली. मागची बाजू सपाट. मधला कागद पांढरा, त्यावरची पेन्सिल पुसट होऊन गेलेली. त्यांचा अंगठा काठावरून हळूहळू आत सरकला आणि कागदाजवळ थांबला. त्यांनी ती नाकाशी नेली.

"हिले काय लावलं वं भारतीबाई?"

मी सांगितलं.

त्यांनी अंगठा पुन्हा त्या जागेवरून फिरवला. मग म्हणाले, "हे लाखेचं असते. लाख दारूत विरघळते, अन् त्या बाटलीत दारूच. दारूनं किती घरं बुडवली, हिले काहून सोडावं?" आणि हसले. मला हसता आलं नाही.

चाबी भरून त्यांनी नवी सुई लावली. ढोलकी, आणि एका तरण्या बाईचा आवाज. जरा घाबरलेला, मग सावरलेला. गाणं बरंचसं नीट वाजलं. शेवटचं कडवं तुटत तुटत आलं, आणि जिथे नाव यायचं तिथे सुई चिकटत, घसरत नुसती खरखरली. त्यांनी तीनदा लावली. तिन्ही वेळा शेवटी ते ग्रामोफोनवर वाकून कान देत होते.

"आबाजी, त्याच असतील," धनश्री म्हणाली. "उमरेडहून आली, एकाच बाजूची आहे. लिहू नाव?"

"तुले नाव ऐकू आलं काय?"

"नाही."

"मंग काहून लिहून राहिली? राहू दे कोरं."

"आणि शेऱ्यात काय लिहू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काही नोको लिहू. जुनी आहे, झिजली अशीन."

त्यानंतर ते रविवारी बाहेर पडले नाहीत. मी एकदा विचारलं, "काकाजी, आता तर बाजार भरतो, जात नाही?" ते म्हणाले, "आता काय शोधू?" आई सापडली म्हणून थांबले, की आता सापडणारच नाही म्हणून, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पुढच्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत ते गेले. दवाखान्यात आम्हाला जाऊ दिलं नाही.

त्यांच्या रेकॉर्डींच्या ट्रंका इतकी वर्षं आमच्याकडेच होत्या. उद्या कळमेश्वरचे एक संग्राहक त्या नेणार आहेत. यादी वाचून त्यांनी फोनवर विचारलं, "चारशे बारा नंबरची ही बाई कोण? नाव टाकलं तर बरं होईल." धनश्रीनं वही माझ्यापुढे ठेवली आणि झोपायला गेली.

नावाची जागा मी कोरीच ठेवली आहे. शेऱ्यात लिहिलं: "शेवटी गाणारीनं स्वतःचं नाव सांगितलेलं असावं." मग आठवलं, अंदाज लिहायचा नाही. ते खोडलं आणि मला माहीत होतं तेवढंच लिहिलं: "शेवटचा भाग भारतीनं सॅनिटायझरनं पुसला."